बंदरावरून परत पाठवलेला माणूस

दिवसभर घरी बसून जुन्या फिल्म बघायच्या आणि पडद्यावर काय दिसतंय ते लिहून काढायचं, हे माझं काम. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी ही वर्णनं नंतर कुणीतरी वाचून रेकॉर्ड करतं. म्हणजे पडद्यावरच्या माणसाने टोपी काढली की मी लिहायचं, 'माणूस टोपी काढतो'. घातली की लिहायचं, 'माणूस टोपी घालतो'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकन पुरुष इतक्या वेळा टोप्या काढत-घालत होते, की लढायला त्यांना सवड कधी मिळाली हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला त्या काळातल्या सरकारी प्रचारपटांचा एक गठ्ठा आला. विषय एकच. अफवा पसरवू नका. दहा-बारा मिनिटांच्या फिल्म, सगळ्या एकाच साच्यातल्या. एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि चौथ्या कानापर्यंत गोष्ट गेली की समुद्रात एक जहाज बुडतं. मग कोट घातलेले एक गृहस्थ टेबलाच्या कडेवर अर्धवट बसून थेट आपल्याकडे बघतात आणि बोट रोखून म्हणतात, हे जहाज शत्रूने नाही बुडवलं, तुम्ही बुडवलंत. आपण आपले घरात मुकाट कॉफी पीत बसलेलो असतो.

या फिल्ममध्ये अफवेची सुरुवात बहुतेक वेळा बाईच्या तोंडून होते. केस सेट करायच्या यंत्राखाली डोकी घालून बसलेल्या दोन बायका, नाहीतर फोनची तार बोटाला गुंडाळत बोलणारी एक बाई. तिचे ओठ पडदाभर मोठे करून दाखवतात. पुरुष तीच गोष्ट सांगतो तेव्हा तो पाइप ओढत असतो आणि ती बातमी असते. मी वर्णनात लिहायचे, 'बाईचे ओठ हलतात.' मनात जे लिहायचे ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि माणसं अफवा पसरवतातच का, हा साधा प्रश्न एकाही फिल्ममध्ये कुणी विचारत नाही. अहो, लोकांना कुणी काही सांगितलेलंच नसतं, म्हणून पसरवतात. नवरा कुठल्या जहाजावर आहे, साखर मिळणार की नाही, मुलगा परत कधी येणार, सगळं गुपित. वरच्यांनी तोंड शिवून बसायचं आणि खालच्यांनी अंदाज बांधले की त्यांच्यावर बोट रोखायला फिल्म काढायची. 'आम्ही तुम्हाला वेळेवर काही सांगितलं नाही, चुकलं' अशी फिल्म त्या गठ्ठ्यात नव्हती. मी शेवटपर्यंत बघितलं.

हे सगळं मी रोज जेवताना नवऱ्याला ऐकवायचे. तो निवृत्त इंजिनिअर. त्याला ऐकू कमी येतं असं तो म्हणतो, पण ते फक्त माझ्या बाबतीत. एकदा आमटीत पोळी बुडवत तो म्हणाला, "त्या बायकांना एवढं हसू नकोस. तूही काही मौनात गेलेली नाहीस." मी त्याला लोणचं वाढलं नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आम्ही राहतो अमेरिकेत, हर्नडनला. इथून राजधानी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या भागात शेजाऱ्याला 'काय काम करता' विचारलं आणि तो 'त्याबद्दल बोलता येत नाही' म्हणाला, तर त्याचा मान एकदम वाढतो. मी इथे आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून आले. वर्षानुवर्षं पोळ्या केल्या, मुलगी वाढवली आणि पन्नाशीजवळ आल्यावर हे काम धरलं, तेही एका खाजगी कंपनीचं, कंत्राटावर. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सरकारी फिल्मचं काम असतं. सोडा हो, काय सांगणार!" सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. टोपी काढतो, टोपी घालतो. पण त्या 'काय सांगणार'ने कमाल केली. महिन्याभरात मी गव्हर्मेंटमध्ये होते.

ही अफवा माझ्याबद्दलची पहिली, आणि ती मी खोडली नाही. का खोडू? ज्या बायका वीस वर्षं मला फक्त पुरणपोळीचं प्रमाण विचारत होत्या, त्या आता व्हिसाचं विचारायला लागल्या. नवऱ्याला बाजूला ठेवून मला फोन येऊ लागले. काकू, नवीन नियम खरा आहे का? ताई, आतून काही कळलं का? मी काय करायचे, तर आधी जरा थांबायचे. मग म्हणायचे, "थोडं सांभाळून राहा." याइतका सुरक्षित सल्ला जगात नाही. लोक त्यावर खूश व्हायचे, आणि त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं असेल, तर मीही फांदी घट्ट धरून बसले होते.

आता हळदीकुंकवाची गोष्ट. मंडळातल्या एकीच्या घरी जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी होतं. बाहेर बर्फ, दारात बुटांचा ढीग, आणि आत आम्ही वीस-पंचवीस जणी काळ्या साड्यांवर स्वेटर चढवून 'तिळगूळ घ्या, गोड बोला' करत होतो. वाण म्हणून चहाच्या गाळण्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, तुमच्या कामातलं काहीतरी सांगा ना." मला तेवढंच हवं होतं.

मी त्यांना त्या आठवड्यात बघितलेली फिल्म सांगितली. एक बंदराचं गाव असतं. पलीकडच्या काठावर जहाजं बांधण्याचा कारखाना, तिथे कामाला माणसं हवी असतात. पण दारूच्या गुत्त्यात एक जण अफवा उठवतो की, बंदरावरून सगळ्यांना परत पाठवतायत. आणि मग ती अफवा पडद्यावर दिसते. धुकं. लोखंडी फाटक. एक माणूस हातात पेटी घेऊन उभा, शेजारी बायको, तिच्या कडेवर मूल. पहारेकरी कागद बघतो, उलटा करून बघतो, शिक्क्यावर बोट फिरवतो. आणि म्हणतो, परत जा. माणूस म्हणतो, शिक्का आहे ना! पहारेकरी म्हणतो, असू दे.

त्या सबंध फिल्ममध्ये हा एकच प्रसंग जीव लावून काढलेला आहे, आणि तो खोटा आहे. पुढच्याच मिनिटाला कोटवाले गृहस्थ येतात आणि सांगतात की असं काही घडलंच नाही, फाटक उघडं होतं, पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून माणसं घरी बसली आणि कारखाना अडला. खऱ्या फाटकाचं एकच दृश्य आहे, लख्ख उन्हातलं, त्यात एक कुत्रं झोपलेलं आहे. सगळी कला त्यांनी खोट्यावर उधळली होती आणि खऱ्याला कुत्रं दिलं होतं.

मीही तेच केलं. डोक्यावर स्टीलचं पातेलं पालथं घालून मी पहारेकरी झाले. वाणाच्या गाळणीचं खोकं उघडून कागद म्हणून उलटसुलट करून बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "परत जा." बायका श्वास रोखून बसल्या होत्या. मी सुरुवात केली तेव्हा निम्म्या जणी दारात बूट काढत होत्या, यजमानीण स्वयंपाकघरातून ये-जा करत होती. आणि आता कोटवाले गृहस्थ येणार, एवढ्यात ती ओरडली, "चला गं, वडे गरम आहेत तोवर घ्या!" सगळ्या उठल्या. गृहस्थ राहूनच गेले. मी पातेलं उतरवलं आणि चटणीच्या रांगेत उभी राहिले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना मुलांच्या रविवारच्या मराठी शाळेतली एक आई भेटली. इकडेतिकडे बघून तिने मला भेंडीच्या बाजूला ओढलं. "काकू, ऐकलंत का? एअरपोर्टवर एका फॅमिलीला परत पाठवलं. नागपूरचा इंजिनिअर होता, बायको, लहान बाळ. व्हिसाचा व्हॅलिड स्टॅम्प होता हो! ऑफिसर म्हणाला, असू दे, गो बॅक."

"कुणी सांगितलं?"

"आतून आलंय. गव्हर्मेंटमध्ये काम करणाऱ्या कुणीतरी स्वतः डोळ्यांनी बघितलंय."

खरं सांगते, मला त्या क्षणी त्या नागपूरच्या बाळाचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आपल्या गावात गव्हर्मेंटमधलं दुसरं कोण आलं? आणि त्या बाईला माझ्याआधी कसं कळलं? मी कोथिंबीर पिशवीत टाकत म्हणाले, "हो, माझ्याही कानावर आलंय."

त्याच आठवड्यात दोन घरं सोडून राहणारी मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये, एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहणारी. तिला आई नाही. वडील आणि भाऊ पुण्यात. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन ते हॉस्पिटलमध्ये होते, बोलणं अडखळत होतं, पण फोनवर तिचं नाव घेता येत होतं. तिने पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं होतं. हातात कागदांची फाइल होती, आणि चेहरा असा की रडू दोन दिवस मागे ढकललेलं आहे.

"काकू, माझा स्टॅम्प व्हॅलिड आहे. पण आमच्या ग्रुपवर चाललंय की इंडियातून परत येताना स्टॅम्प असूनही एअरपोर्टवरून परत पाठवतायत. लॉयरला विचारलं तर तो म्हणतो, इट्स युअर डिसिजन. हेल्पलाइनवर पाऊण तास होल्ड केलं, कट झाला. वेबसाइटवर काहीच नाहीये. मी तिकडे अडकले तर जॉब जाईल, बाबांचा खर्च कोण करणार? आणि नाही गेले तर..." तिने फाइल मांडीवर ठेवली. "तुम्ही सांगा. तुम्हाला आतलं माहीत असतं."

आतलं मला एवढंच माहीत होतं की फाटकाजवळ कुत्रं झोपलेलं आहे, पण तेही तेव्हा आठवलं नाही. तिला सांगायला हवं होतं की बाळा, मी टोप्या मोजते, मला काही माहीत नाही. सोपं वाक्य आहे. त्याऐवजी मी माझ्या पद्धतीप्रमाणे जरा थांबले, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "स्टॅम्प असून परत पाठवल्याची केस झाली आहे. बघितलेल्या माणसाकडून आलंय."

"नक्की?"

"नक्की असल्याशिवाय मी बोलते का?"

हे वाक्य मी उच्चारलं. त्या फिल्ममधल्या यंत्राखालच्या बायकासुद्धा असं बोलत नाहीत. त्या निदान 'म्हणे' लावतात.

तिने माझ्यासमोरच बसून तिकीट कॅन्सल केलं. मग भावाला फोन लावला. "दादा, मी नाही येऊ शकत आत्ता. हो, कन्फर्म आहे. इथल्या गव्हर्मेंटमधल्या एक काकू आहेत." मी तिला आलं घालून चहा करून दिला.

वडील त्यानंतर बारा दिवसांनी गेले. इथली सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. तिच्या मैत्रिणीने मला बोलावलं म्हणून मी धावत गेले. डायनिंग टेबलवर साखरेच्या बरणीला टेकवून तिने फोन ठेवला होता आणि खुर्चीत ताठ बसली होती, ऑफिसच्या मीटिंगला बसतात तशी. पलीकडे अंत्ययात्रेत कुणीतरी फोन धरून चालत होतं, त्यामुळे पाय दिसत होते, मग आभाळ, मग पुन्हा पाय. एकदा वडिलांचा चेहरा नीट दिसला आणि चित्र तिथेच गोठलं. ती म्हणाली, "दादा, फ्रीझ झालंय. दादा, ऐकू येतंय का? फ्रीझ झालंय." पुन्हा सुरू झालं तेव्हा लोक परत फिरायला लागले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात त्या सगळ्या इमिग्रेशनवाल्यांना शिव्या घालत होते.

घरी आल्यावर माझा राग मावेना. सरकारवर राग, लॉयरवर राग, आणि सगळ्यात जास्त त्या नागपूरच्या इंजिनिअरचं नेमकं काय झालं ते कुणी धड सांगत नाही याचा. ते कुटुंब कुठे आहे? कुणी भेटलंय का त्यांना? ही मुलगी बापाच्या शेवटच्या भेटीला मुकली ती ज्या बातमीपायी, ती बातमी मला मुळापासून हवी होती. नवरा म्हणाला, "आता हे विचारायचं सुचलं?" मी गाडीची किल्ली घेतली.

मराठी शाळेतली ती आई म्हणाली, मला यजमानीणबाईंनी सांगितलं, तुमच्या हळदीकुंकवाच्या. एअरपोर्ट कुठला ते तिला माहीत नव्हतं. इंजिनिअर नागपूरचा कशावरून? तर "तसं मला वाटलं, कारण आमच्या ओळखीतले नागपूरचे एक जण तेव्हाच इंडियातून इथे परत आले होते, बाळ घेऊन." ते मात्र व्यवस्थित परत आले होते आणि आता त्यांच्याकडे बारसं होतं.

यजमानीण धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातूनच विचारलं, "ती परत पाठवलेल्या माणसाची बातमी तुला कुणी दिली?"

तिने टॉवेल खाली ठेवला. "अहो ताई, असं काय करता? तुम्हीच नाही का सांगितलंत? आमच्याकडेच! मी वडे तळत होते, अर्धवटच ऐकलं, पण अंगावर काटा आला. तो ऑफिसर, तो कागद, ते बाळ. तुम्ही स्वतः बघितलंय म्हणालात."

मी म्हणाले होते. स्वतः बघितलं होतं. स्क्रीनवर, कॉफी पीत, दोनदा, कारण पहिल्यांदा पहारेकऱ्याची टोपी लिहायची राहिली होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात ना. मी तिच्या बुटांच्या कपाटावर बसले. ती पाणी घेऊन आली. मला राहून राहून हसू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. ऐंशी वर्षांपूर्वी सरकारने अफवा मारायला म्हणून एक अफवा तयार केली, तिला चांगले नट दिले, धुकं दिलं, आणि डब्यात बंद करून ठेवली. मी ती उघडली, पातेलं घालून हिंडायला सोडली, आणि पुन्हा घरी आली तेव्हा ओळखली नाही. ओळखली नाही ते नाहीच, वर तिला कोथिंबिरीच्या टोपलीशेजारी उभं राहून दुजोरा दिला. आणि दोन घरं पलीकडे एक मुलगी साखरेच्या बरणीसमोर बसून बापाला पोचवत होती. मग हसू थांबलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने पहिल्यांदा टोमणा मारला नाही, त्यावरून मला कळलं की प्रकरण किती गंभीर आहे. मग तो म्हणाला, "तिला सांगू नकोस. आत्ता तिला वाटतंय की इलाज नव्हता. तेवढं तरी राहू दे तिच्याजवळ."

मला ते पटलं. इतकं चटकन पटलं की माझाच मला संशय आला. तिच्या भल्याची आणि माझ्या अब्रूची गोष्ट एकच निघावी, असा योग रोज येत नाही. तरी मी दोन दिवस तो योग अंगाला लावून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मऊ भात, मेतकूट आणि साधं वरण डब्यात भरून तिच्याकडे गेले, सांगायचं नाही असं ठरवून.

ती दोन घास जेवली. मग म्हणाली, "काकू, तुमचे खूप उपकार आहेत. तुम्ही सांगितलं नसतं तर मी गेले असते आणि तिकडेच अडकले असते. दादा पण म्हणाला, बाबांना ते आवडलं नसतं." मी वरण ढवळत राहिले. "मी टीममध्ये पण सगळ्यांना सांगितलं. माझ्या ओळखीच्या काकू आहेत, आतलं माहीत असतं त्यांना. दोघांनी इंडियाला जाणं कॅन्सल केलं. एकाचं तर स्वतःचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. तो पोस्टपोन करतोय."

म्हणजे आता एक नवरदेव माझ्या शब्दावर घरी बसणार होता. हे ऐकून कुणालाही हसू यावं. मी वरण ढवळायचं थांबवलं.

मी सांगितलं. वळणं न घेता सांगितलं, कारण वळणं घेतली असती तर मी स्वतःला कुठेतरी मधेच उतरवून घेतलं असतं. मी गव्हर्मेंटमध्ये नाही, कधीच नव्हते. मी जुन्या फिल्मची वर्णनं लिहिते. परत पाठवलेला तो माणूस नट आहे, काळ्या-पांढऱ्या फिल्ममधला, बंदरावर उभा, आणि त्या फिल्ममध्येसुद्धा ती गोष्ट खोटीच आहे. मी ती पार्टीत रंगवून सांगितली. ती फिरून माझ्याकडे आली आणि मी ती तुला दिली. नक्की म्हणून दिली.

ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चमचा डब्याच्या झाकणावर ठेवला.

"म्हणजे मी जाऊ शकले असते," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. खरं तर तेही मला माहीत नव्हतं. कदाचित खरंच कुठेतरी अडवलं असतं तिला. पण ते 'कदाचित' तिच्या हातात ठेवायचा माझा हक्क संपला होता.

तिने फोन उचलला आणि त्या नवरदेवाला लावला. "यार, ऐक. ते एअरपोर्टचं खरं नाहीये. हो, शुअर आहे. तू जा. पोस्टपोन नको करूस." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "अरे, त्याच काकूंनी सांगितलं. नाही, त्या गव्हर्मेंटमध्ये नाहीयेत."

मी त्याच दिवशी मंडळाच्या ग्रुपवर खुलासा टाकला. स्वच्छ शब्दांत, माझी चूक म्हणून. फिल्मची गोष्टही लिहिली, कोटवाल्या गृहस्थांसकट. ज्या ग्रुपवर हळद-दुधाचा उपाय दिवसातून चारदा फिरतो, तिथे माझ्या खुलाशाला दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. कुणी पुढे पाठवला नाही. खऱ्याच्या वाट्याला पुन्हा कुत्रंच आलं. आठवड्याने यजमानीणबाईंचा फोन आला. आवाज एकदम हळू. "ताई, तुम्ही ठीक आहात ना? लोक म्हणतायत, तुमच्यावर वरून प्रेशर आलं म्हणून तुम्ही ते मागे घेतलंत." मी म्हणाले, वरून कुणी नाही गं, वर आमची गेस्ट रूम आहे. ती म्हणाली, "कळतंय मला. फोनवर नको बोलायला." गावातला माझा मान त्यामुळे आणखी वाढला आहे.

नवरदेव जाऊन लग्न करून आला. येताना एअरपोर्टवर त्याला एकच प्रश्न विचारला म्हणे, लोणचं आहे का बॅगेत. हे मला त्या मुलीने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मैत्रीण कुठल्याशा ग्रुपवर वाचून सांगत होती, तेव्हा खरं किती ते मला माहीत नाही, आणि मी हे पुढे कुणाला सांगितलेलं नाही.

ती मुलगी अजून तिथेच राहते. माझा डबा तिने दुसऱ्या दिवशी घासून-पुसून परत आणून दिला. पुण्याची आहे, रिकामा दिला नाही, त्यात चार खडीसाखरेचे खडे होते. मेलबॉक्सपाशी भेट झाली की ती थांबते. काकू, कशा आहात, म्हणते. थंडी वाढली म्हणते. परवा तिच्या हातात पुन्हा ती फाइल होती. वर्षश्राद्धाला जायचं असेल, नाहीतर कागद नवे करायचे असतील. मी बघितलं, तिने बघितलं की मी बघितलं. मग तिने फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी आज येणार आहे का, एवढं बोलून घरी गेली. अजूनही ती मला काकूच म्हणते. विचारत मात्र काही नाही.